आधीच्या पेशंटचं पथ्य

—नाही, अजून झालं नाहीये. बसा ना साहेब. खुर्ची तुमचीच आहे, माहितेय मला, पण मशीनवर काम करायचं तर ह्याच खुर्चीत बसावं लागतं, तुम्ही तेवढं ते स्टूल ओढून घ्या. हो, डगमगतं जरा, मघाशी तुमचा प्यून बसला होता तेव्हा पाहिलं मी — भिंतीला टेकवा म्हणजे पडणार नाही. काय म्हणता, सकाळपासून एकच ओळ? हो, एकच ओळ आहे. एका ओळीसाठी तुम्ही बाहेरून माणूस बोलावलंत, म्हणजे त्या ओळीत काहीतरी असणारच की नाही? मग घाई कशाला करायची? त्यापेक्षा चहा सांगा अजून एक. साखर चालते मला. मला कसलंच पथ्य नाही.

तुमच्या मोठ्या डॉक्टरांना काय सांगायचं ते विचारत होतात ना — सोप्या भाषेत सांगा म्हणालात, त्यांना ट्रिगर-बिगर कळत नाही. मग असं सांगा. पेशंट भरती झाला, काउंटरवरच्या मुलीनं त्याची नोंद केली, की डेटाबेसमध्ये कोडचा एक तुकडा आपोआप चालतो. त्याला कुणी हाक मारायला नको, नोंद पडली की हा उठलाच — हा तो ट्रिगर. ह्याचं काम काय? पेशंटची जुनी फाइल बघायची, त्यात पथ्य लिहिलेलं असेल ते उचलायचं, एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे तात्पुरत्या कप्प्यात, ठेवायचं, आणि तिथून खाली स्वयंपाकघरातल्या प्रिंटरला धाडायचं. तिथं पथ्याचं कार्ड निघतं, ते ट्रेवर ठेवतात, ट्रे वॉर्डात जातो. इथपर्यंत छान. पण पेशंट पहिल्यांदाच आलेला असला तर? जुनी फाइलच नाही, उचलणार काय? तिथं तुम्ही लिहून ठेवलंय — सापडलं नाही तर गप्प बस, पुढं चल. ठीक, बसला बिचारा गप्प. पण व्हेरिएबलचं काय? तुम्ही ते ट्रिगरच्या आत ठेवलेलं नाही, बाहेर ठेवलंय, येईल त्या प्रत्येकाला मिळून एकच — आणि ते आधी रिकामं करायची ओळ कुठंच नाही. मग त्यात आधीच्या पेशंटचं पथ्य पडलेलं असतं ते तसंच छापलं जातं. एकाची वाटी न विसळता त्याच वाटीत दुसऱ्याला वाढावं, तसं. एवढंच आहे. मोठ्या डॉक्टरांना हे कळेल. घरी वाटी त्यांनीही बघितली असेल.

आणि त्यांना कळायला हवंच आहे आता, हो ना? त्यांच्या सासूबाईंचा प्रश्न आहे. मी ऐकलं सकाळी, लिफ्टमध्ये नर्सबाई हसून हसून सांगत होत्या एकमेकींना. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात भरती झाल्या, गुडघ्यासाठी, आणि त्यांच्या आधी नोंद झाली होती जबडा मोडून दुसऱ्यांदा भरती झालेल्या माणसाची — मग काय, कार्ड आलं, फक्त पातळ द्यावे, चावायचे काही देऊ नये. बत्तिशी शाबूत असलेल्या बाईला सकाळ-संध्याकाळ सूप. जावयाच्या दवाखान्यात. बाईंनी सगळा मजला डोक्यावर घेतला म्हणे. तेव्हा कुठं तुमच्या ध्यानात आलं की मशीनमध्येही काही बिघडलेलं असू शकतं. तोपर्यंत मशीन कसं — धुतल्या तांदळासारखं.

नाही, टोमणा कसला. मी आपली काम करता करता बोलतेय. तुम्हाला लागलं का? लागलं असेल तर लागू दे थोडं.

तुमचे मला आभारच मानायला हवेत खरं तर. ही चूक शोधायला एखाद्याला आठवडा लागला असता, कारण ती दिसतच नाही — पेशंट नवीनच हवा, त्याच्या आधीचा जुना हवा, त्या जुन्याला पथ्य हवं, मग कुठं ती तोंड वर काढते. पण तुम्ही सकाळी मला सगळं समजावून देताना काय म्हणालात, आठवतंय? पहिल्या चहाच्या वेळी? तुम्ही म्हणालात, असं आधीही कधीकधी व्हायचं, वॉर्डातून फोन यायचा की कार्डावर भलतंच काही छापलंय, पण प्रोग्राम बंद करून चालू केला की जायचं. अगदी सहज म्हणालात, बिस्किट चहात बुडवता बुडवता. मी तिथंच थांबले. बंद करून चालू केलं की जातं — म्हणजे काय? म्हणजे नवीन कनेक्शन उघडतं, व्हेरिएबल आपोआप कोरं होतं, पुढचा जुना पेशंट येईपर्यंत सगळं सुरळीत. मला कुठं बघायचं ते तुम्हीच दाखवलंत. हे वाक्य तुम्ही बोलला नसतात तर मी अजून प्रिंटरच्या वायरी हलवत बसले असते.

आणि दुसरं एक कळलं त्यातून. तुम्हाला माहीत होतं.

नाही नाही, असं नाही म्हणत मी, की व्हेरिएबलचं माहीत होतं. ते तुम्हाला आजही धड माहीत नाही, रागावू नका. पण कार्ड खोटं येऊ शकतं, हे माहीत होतं. फोन यायचे. तुम्ही बंद-चालू करायचात. मग चौकशीच्या वेळी हे का नाही आठवलं? — कुठली चौकशी म्हणजे? त्या लहान मुलीची. अंड्याची ॲलर्जी होती ना, ती. ओठ सुजले, गळा आवळला, श्वास घेता येईना, वॉर्डात नुसती धावपळ. वाचली, हो, वाचली, देवाची कृपा नाही म्हणणार मी, त्या ड्युटीवरच्या डॉक्टरणीची कृपा, ती जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत आली म्हणून. आणि मग तुमच्या त्या मीटिंगच्या खोलीत चौकशी बसली, तुम्ही स्क्रीनवर त्या मुलीचं पथ्य उघडून दाखवलंत — अंडे अजिबात देऊ नये, ठळक अक्षरात — आणि म्हणालात, मशीनमध्ये तर स्पष्ट लिहिलेलं आहे, खाली वाचणाऱ्यानं वाचलं नाही त्याला मी काय करू. मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली. झालं. ताईची — त्या बाईची नोकरी गेली.

हं. निसटलंच. असू दे.

हो, ताईची. स्वयंपाकघरात ट्रे लावायला उभी असायची ती, पांढरा रुमाल बांधून, जरा ठेंगणी, आवाज खणखणीत — ती माझी सख्खी मोठी बहीण. माझं आडनाव लग्नानंतरचं आहे, तुम्हाला कसं कळणार? आणि विचारलं तरी कुठं तुम्ही? माझ्या ऑफिसात तुमच्या दवाखान्याचं काम आलं तेव्हा ते दुसऱ्याला मिळणार होतं, मी सरांच्या मागे लागून, हातापाया पडून मागून घेतलं. हे सांगायचं नव्हतं तुम्हाला. मी ठरवून आले होते की तोंड बंद ठेवायचं, काम करायचं, पुरावा घ्यायचा आणि गोड बोलून निघायचं. पण तुम्ही ते बिस्किट बुडवत होतात ना, ते बघून माझं डोकंच फिरलं.

उठू नका. बसा. दार बंद आहे म्हणून आवाज बाहेर जात नाहीये, उघडलंत तर जाईल.

तुम्हाला ठाऊक आहे का, खाली स्वयंपाकघरात कार्ड कसं वाचतात? कधी उतरलात खाली? नसालच. तिथं कुणी कार्ड नुसतं डोळ्यांनी वाचत नाही. ट्रे लावणारी मोठ्यानं वाचते आणि शेजारची तेच परत मोठ्यानं म्हणते, मगच झाकण पडतं. ताईनंच घातलेली शिस्त, पूर्वी एकदा गडबड होता होता वाचली होती म्हणून. आणि कार्डावर पथ्याची जागा कोरी असेल तर ट्रे हलतच नाही — आधी वॉर्डात फोन, काय द्यायचं विचारायचं, मग ट्रे. त्या मुलीचं कार्ड कोरंच यायला हवं होतं साहेब. पहिल्यांदा आलेली मुलगी, तिची जुनी फाइल कुठून असणार? कार्ड कोरं आलं असतं तर ताईनं फोन उचलला असता, आणि पोरीच्या आईनं सांगितलं असतं की हिला अंडं देऊ नका. संपलं असतं सगळं तिथंच. पण कार्ड कोरं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, मीठ कमी, बाकी सर्व चालेल. तिच्या आधी भरती झालेल्या कुणा रक्तदाबवाल्या आजोबांचं. ताईनं मोठ्यानं वाचलं — मीठ कमी, बाकी सर्व चालेल. शेजारी ती मुलगी असते, आवाज इतका बारीक की सगळे तिला चिमणी म्हणतात, तिनं परत म्हटलं — मीठ कमी, बाकी सर्व चालेल. झाकण पडलं. ट्रे गेला, वर अंड्याच्या पुडिंगची वाटी. आणि इकडे वॉर्डातल्या नर्सबाईंनी फॉर्म भरून खरं पथ्य टाकलं, मशीनमध्ये तिच्या नावापुढं तेच दिसू लागलं, आणि ट्रेवरचं कार्ड उष्ट्याबरोबर कचऱ्यात गेलं. उरलं काय? तुमचा स्क्रीन.

चिमणीला विचारलं होतं तुम्ही, चौकशीत. काय ऐकलं होतंस सांग. ती पोर थरथरत उभी, समोर एवढे मोठे लोक, आणि तुम्ही स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणालात, हे असं लिहिलेलं असताना तू दुसरंच कसं म्हटलंस? ती म्हणाली, मला नक्की आठवत नाही. काय बोलणार दुसरं? स्वतःच्या कानांपेक्षा तिला तुमचा स्क्रीन खरा वाटला. मी तिच्यावर नाही रागावलेली. राग सगळा एकाच ठिकाणी साठवून ठेवलाय मी, वाटायला गेले तर पुरणार नाही.

—काय? हे सिद्ध कसं करणार? वा. शेवटी एक कामाचा प्रश्न विचारलात. ते मागे बघा, तुमच्याच प्रिंटरच्या तोंडात कागद आहे, मघापासून पडलाय. घ्या ना. त्या दिवशीची बॅकअप प्रत तुमच्याच कपाटात होती, मी ती टेस्टच्या मशीनवर चढवली, तुमचा जुना ट्रिगर जसाच्या तसा ठेवला, आणि त्या सकाळच्या नोंदी ज्या क्रमानं झाल्या त्याच क्रमानं पुन्हा घातल्या. आधी आजोबा, मग ती मुलगी. वाचा काय आलंय. मोठ्यानं वाचा, खाली वाचतात तसं.

हं. मीठ कमी. पुढे? बाकी सर्व चालेल.

एकदा पुरे. तुमच्याबरोबर परत म्हणायला इथं चिमणी नाहीये.

पाणी घ्या. आता तुम्ही म्हणणार, आपण समजुतीनं घेऊ. म्हणा ना, ऐकायला आवडेल मला. — हो का? ताईंना परत घेऊ? हेड करू? बघा, सुचतं की तुम्हाला. — आणि रिपोर्टमध्ये फक्त सासूबाईंचं लिहायचं, जुनं काही नको? तांत्रिक दोष आढळला, दूर केला, एवढंच? आणि कधीपासून होता ते लिहायचं नाही. बरं. आणखी? — दोन लहान मुलं आहेत तुम्हाला. हो, टेबलावर फोटो आहे, पाहिला मी, गोड आहेत. त्या मुलीएवढीच असतील. — नाही, बोला, थांबलात का? मी अडवत नाहीये. फार दिवस वाट बघितलीय मी ह्या बोलण्याची. भाजी चिरताना, बसची वाट बघताना, नवरा शेजारी घोरत असताना, मी मनातल्या मनात तुम्हाला ह्या स्टुलावर बसवलंय आणि असंच बोलायला लावलंय. फक्त मनातल्या स्टुलाचे सगळे पाय धड होते.

आता माझं ऐका. रिपोर्ट गेला. तुम्ही आलात आणि झालं का म्हणून विचारलंत, त्याच्या आधीच गेला. मोठ्या डॉक्टरांना, चौकशीला बसलेल्या सगळ्यांना, त्या मुलीच्या आईवडिलांना, आणि स्वयंपाकघरात नोटिसा लावतात त्या फळ्यासाठी एक प्रत. चूक काय, कधीपासून, कुणाच्या कोडमध्ये, आणि वॉर्डातून फोन यायचे ते तुम्हाला माहीत होतं — तुमच्याच शब्दांत, बिस्किट तेवढं गाळलंय. आणि ओळही घातलेली आहे. केव्हाच घातली, दुपारच्या ट्रेच्या आधी, आज सगळ्यांना आपापलं पथ्य मिळालंय. पेशंटना वेठीला धरून सूड उगवणारी मी नाही. मग सकाळपासून काय करत होते? काही नाही. पडद्याकडे बघत बसले होते. तुम्हाला वेळ देत होते. मी तीनतीनदा विचारलं ना, ह्याच्यामुळे आधी कुणाला त्रास झाला होता का? तुम्ही दर वेळी म्हणालात, छे, कुणाला नाही. एकदा जरी म्हणाला असतात की हो, एक मुलगी होती, आणि एक बाई होती, तर — तर काय केलं असतं कोण जाणे. तरी पाठवलाच असता. पण निदान पाठवण्याआधी क्षणभर विचार केला असता.

ताई म्हणाली होती जाऊ नकोस. तुम्हाला माहीत नाही ती कशी आहे. ती म्हणाली, त्यालाही पोटपाणी आहे, मुलगी वाचली ना, मग जाऊ दे. ती जाऊ देते, तिचा तो स्वभावच आहे. आणि तुम्हाला वाटतंय मी नोकरीसाठी चिडलेय? नोकरीचं काय, ती कुठंही चार माणसांना जेवू घालेल. घालेल म्हणजे — घातलं असतं. आता नाही घालत. आता ती मिठाचा डबा उघडते आणि मला हाक मारते, हे मीठच आहे ना गं? औषधाच्या बाटलीवरचं नाव दहादा वाचते, मग माझ्या मुलीकडून वाचून घेते, मग शेजारणीकडून. पाटी वाचून बसमध्ये चढते आणि आत बसलेल्यांना विचारते. कारण तुम्ही तिला सगळ्यांसमोर सांगितलंत की तुझ्या डोळ्यांसमोर एक लिहिलं होतं आणि तू भलतंच वाचलंस — आणि तिनं ते खरं मानलं. आम्ही लहान असताना आमच्या जिन्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या सुईत दोरा ओवून घ्यायला तिच्याकडे यायच्या. त्या बाईनं सहा महिन्यांत दोनदा चष्मा बदललाय साहेब. डॉक्टर म्हणतो, नंबर नाहीये. ही म्हणते, असणार, तुम्ही नीट तपासा. लोकांच्या नोकऱ्या जातात, त्या परत मिळतात. पण एका धडधाकट माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास तुम्ही काढून घेतलात, आणि का? तर तुम्हाला एक ‘मला माहीत नाही’ म्हणता आलं नाही.

ह्यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही. ताई करेल, तो तिचा प्रश्न.

आता उठा. खिडकीतून बघा, रस्त्यापलीकडे — चपलांच्या दुकानावर हिरवी पाटी दिसते का? डोळ्यांचा दवाखाना. ताई आत बाकावर बसलीय, पुन्हा तपासायला आली आहे, मीच सोडून आले येताना. संध्याकाळपर्यंत नंबर लागेल म्हणाले होते, म्हणजे आता लागतच असेल. नंबर लागला की डोळ्यांत थेंब घालतात, मग सगळं धूसर दिसतं, तुमचा चेहरा तिला कळायचा नाही. आणि तो कळायला हवा. हा कागद बरोबर घ्या, तिच्या हातात द्या, तिला स्वतःला वाचू दे. आणि सांगा, तुम्ही बरोबर वाचलं होतंत. दुसरं काही बोलायचं नाही, माफी-बिफी मागत बसू नका, तिला रडू येतं.

नाही, ह्याच्या बदल्यात तुम्हाला काही मिळणार नाही. गेलेलं मेल परत येत नाही, आणि येत असतं तरी मी आणलं नसतं. उद्या तुम्ही ह्या खुर्चीत नसाल, ते ठरलंय. आज अजून आहात, म्हणून सांगतेय. हे तुम्ही साहेब असतानाच तिला सांगायला हवं.

—मी? मी नाही येत. मी तिला केव्हापासून सांगतेय की तू बरोबर वाचलं होतंस. ती म्हणते, तू माझी बहीण आहेस, तू हेच म्हणणार.

जिन्यानं जा. लिफ्टला वेळ लागतो.